बारा कोनांचा दगड आणि दीडशहाणे

बसू नका. पन्नाशी ओलांडलीत, गुडघे कुरकुरतात, मुलंबाळं मार्गी लागली, सगळं मान्य. तरी दहा मिनिटं उभं राहून ऐकलंत तर काही बिघडत नाही. पेरूला जाऊन सुखरूप परत आलात, आनंद आहे. एकमेकांशी भांडला नाहीत, हेही नसे थोडके. पण तुमच्या ग्रुपवर टाकलेले फोटो मी काल रात्री एकूण एक पाहिले, आणि माझ्यासाठी आणलेली शालही नीट पाहिली. तेव्हा आता माझी पाळी.

कुस्को किती उंचीवर आहे? सांगा की. सगळे एकदम गप्प! तिथे आठ दिवस राहून आलेली माणसं तुम्ही. ३,४०० मीटर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. उंचावर गेलं की हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटत नाही, ते २१ टक्केच राहतं. घटतो तो हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक पदरात पडणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. तेव्हा तुमच्यातले निम्मे खिडकीबाहेर बघत होते, ते मला दिसत होतं.

बरं, शाळा विसरलात. पण लेहला गेला होतात तेव्हा पहिले दोन दिवस हॉटेलात पाय पसरून पडला होतात ना? का? तर तिथे येता-जाता प्रत्येक जण बजावतो, पाट्या लावलेल्या असतात. लेह आणि कुस्को यांच्या उंचीत शंभरेक मीटरचा फरक. एवढं साधं कुणाच्या डोक्यात येऊ नये? लिमाहून, म्हणजे समुद्राच्या काठावरून, विमानात बसलात, सव्वा तासात कुस्कोला उतरलात, आणि त्याच दुपारी ‘सिटी टूर’ला निघालात! कोरिकांचा झालं, मग साक्सायवामान, मग तांबोमाचाय. ही शेवटची दोन ठिकाणं शहराच्याही तीनेकशे मीटर वर आहेत. पत्रकात छापलं होतं म्हणून गेलात. पत्रक छापणाऱ्याला संध्याकाळची बस भरायची असते, त्याला तुमच्या फुफ्फुसांचं काय?

आणि तू हसू नकोस. ‘मी रोज पर्वती चढतो, मला काही होत नाही’ म्हणणारा तूच ना? पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. विरळ हवा कुणाचे दंड चाचपून बघत नाही. तरण्याताठ्या खेळाडूला आडवं करते आणि शेजारच्या आजींना काही होत नाही, असंही घडतं. त्यावर कडी म्हणजे पहिल्याच रात्री पिस्को सावर या दारूचे ग्लास उंचावलेले फोटो. मग पहाटे डोकं ठणकायला लागलं, ओकाऱ्या झाल्या, हॉटेलवाल्याने ऑक्सिजनचं नळकांडं आणून तोंडाला लावलं आणि त्याचाही फोटो निघाला. त्याखाली मजकूर काय, तर ‘अनुभव!’

तिथली माणसं या दुखण्याला सोरोचे म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा देतात. द्यावा, घ्यावा, घशाला बरं वाटतं. पण तो प्यायला म्हणून शरीराला लागणारे दोन दिवस वाचत नाहीत. खरा मार्ग इतका सरळ आहे की तो कुणी सांगितला नाही याचंच मला नवल वाटतं. विमानतळावरून थेट खाली, उरुबांबाच्या खोऱ्यात जायचं. ओयांतायतांबो २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन-तीन रात्री काढायच्या, तिथूनच आगगाडीने माचू पिक्चू करायचं. ते अवघं २,४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली! आणि कुस्को शेवटी. तुम्ही बरोबर उलटं केलंत, आणि तिसऱ्या दिवशी रंगीत डोंगर बघायला ५,००० मीटरच्या वर गेलात. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, बोलण्यात गोंधळ झाला, की वाद न घालता खाली उतरायचं असतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. नशीब बलवत्तर म्हणायचं तुमचं. या त्रासावरच्या गोळ्या जाण्याआधी डॉक्टरला विचारून घ्यायच्या असतात. तुम्ही विमानतळावर शेजारच्या प्रवाशाकडून मागून घेतल्यात.

आता तो दगड. आतुन रुमियोक गल्लीतला, आर्चबिशपच्या वाड्याच्या भिंतीतला, बारा कोनांचा. तुमच्या फोटोंत तो सतरा वेळा आहे आणि त्यातल्या चार फोटोंत त्याच्यावर कुणाचा तरी पंजा आहे. हात लावायचा नाही, असं तिथे सांगतात. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माथेफिरूने हातोडीसारखं काहीतरी घेऊन त्याच दगडावर घाव घातले, टवके उडवले. चांगली पाचशे वर्षं, भूकंप पचवून, तो दगड तिथे उभा आहे, आणि तुम्हाला त्याच्यावर रेलून उभं राहायचं असतं!

पण पंजापेक्षा मला चीड आली ती खालच्या मजकुराची. ‘हे माणसाचं काम नव्हेच, परग्रहवासीयांनी बांधलं असणार.’ कुणी लिहिलं ते मी विचारत नाही, अक्षर ओळखीचं नसलं तरी अशुद्धलेखन ओळखीचं आहे. अरे, त्या भिंतीच्या जरा जवळ जाऊन पाहिलं असतंत तर दगडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे दिसले असते. ते घावांचे आहेत. कठीण दगडाचा गोटा हातात घ्यायचा आणि दुसऱ्या दगडावर आपटत राहायचं. मधल्या भागावर मोठ्या गोट्याने, कडांजवळ लहान गोट्याने. म्हणून कडांपाशी खळगे बारीक होत जातात. जाँ-पिएर प्रोट्झेन नावाच्या वास्तुविशारद प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात इंकांच्या जुन्या खाणींत जाऊन, तिथलेच गोटे उचलून, स्वतःच्या हाताने दगड घडवून हे दाखवलं. लोखंड नाही, चुना नाही. एक दगड बसवायचा, त्याच्या आकाराप्रमाणे दुसऱ्याला खोबण पाडायची, उचलून बघायचं, पुन्हा घडवायचं. घाम गाळणाऱ्या माणसांचं श्रेय तुम्ही एका ओळीत आकाशातल्या तबकडीला देऊन मोकळे झालात.

कोरिकांचाचंही तेच. इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिशांनी कैद केलेल्या इंका राजा आताहुआल्पाच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये तिथल्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून काढले, मग त्याच जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. २१ मे १९५० ला भूकंप झाला तेव्हा मठाची मोठी पडझड झाली. इंकांच्या भिंती आत झुकलेल्या, दारं-खिडक्या खाली रुंद आणि वर निमुळत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. तिथे उभं राहून ते झुकणं डोळ्याने मोजायचं असतं. तुम्ही बागेत जाऊन उड्या मारतानाचा व्हिडिओ काढलात. त्या हवेत उड्या! कॅथेड्रलमध्ये फोटो काढायला मनाई असतानाही मार्कोस सापाता या चित्रकाराच्या ‘शेवटच्या भोजना’चा चोरटा फोटो काढलात, ताटात गिनीपिग आहे म्हणून खिदळलात. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलले तर पट्टी शोधावी लागेल.

आता खरेदी. याच्यासाठीच तर तुम्हाला उभं केलंय.

ही शाल. लेबलावर लिहिलंय, शंभर टक्के बेबी अल्पाका. मूळ भाव तिथल्या चलनात चाळीस सोल, तुम्ही पंचवीसवर आणलात आणि ते अभिमानाने मला सांगितलंत. काल रात्री मी हिच्या पदराची एक दशी तोडली आणि बशीत धरून काडी लावली. लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी राख उरते. ही दशी वितळली, आक्रसली आणि टोकाला काळा कडक मणी झाला. प्लॅस्टिकचा वास अजून स्वयंपाकघरात आहे. अ‍ॅक्रिलिक आहे हे, शंभर टक्के! आपल्या लक्ष्मी रोडवर मिळालं असतं, आणि ओझं वाहावं लागलं नसतं.

लेबल म्हणजे कागदाचा तुकडा, तो कशावरही शिवता येतो. हाताला समजायला हवं होतं. अल्पाका गालाला लावली की आधी गार लागते, अंगावरून जड सुळसुळत खाली पडते. अ‍ॅक्रिलिक फुगलेलं, कोमट, हात फिरवला की चटचट करणारं. आणि बेबी अल्पाका ही पिल्लाची लोकर नव्हे, बारीक तंतूंची एक प्रत आहे, मोठ्या जनावराचीही असू शकते. चाळीस सोलला ती शाल मिळत नाही. विकुन्याचा मफलर म्हणून जो तू पन्नास सोलला आणलायस, त्याबद्दल तर काय बोलावं! विकुन्या हे रानटी जनावर. शिकारीमुळे १९६० च्या दशकात ते इतकं कमी झालं की पेरूला १९६७ मध्ये पांपा गालेरासला त्याच्यासाठी राखीव क्षेत्र करावं लागलं. आता गावंच्या गावं मिळून त्याला माणसांच्या कड्यात घेरतात, कातरतात आणि सोडून देतात. त्या लोकरीचा व्यापार परवान्यावर चालतो, आणि अस्सल मफलरची किंमत शेकडो डॉलर असते. तुझ्या पन्नास सोलमध्ये त्याचं लेबलसुद्धा आलं नसतं.

फसलात, त्याचा मला राग नाही. बाजारात माणूस फसतो. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. पिसाकच्या बाजारातला तुमचा तो व्हिडिओ. जमिनीवर बसलेली एक म्हातारी, पुढ्यात हाताने विणलेले कमरपट्टे. ती साठ म्हणते, तुम्ही तीस म्हणता, निघून जायचं नाटक करता, ती मागून हाक मारते, आणि पस्तीसला सौदा होतो. वर हशा, टाळ्या, ‘मावशीला कसं पटवलं’! त्याच संध्याकाळी काचेच्या दाराच्या चकचकीत दुकानात, जिथे यंत्रावरचा माल मांडला होता, तिथे छापील किमतीला एक चकार शब्द न काढता कार्ड पुढे केलंत. पंचवीस सोल वाचवलेत. पाच-सहाशे रुपये. लिमाच्या विमानतळावर कॉफी आणि सँडविचला त्याहून जास्त गेले असतील.

आणि हेच तुम्ही, २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला नाव न घेता मांडल्या तेव्हा केवढे पेटून उठला होतात! कारागिराचं श्रेय, कारागिराचा घाम, भौगोलिक मानांकन. चार दिवस ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मी मनात म्हटलं, बरं झालं, काहीतरी शिकले. मग त्या बाईचा घाम साठ सोलला महाग का वाटला? ती कोल्हापूरची नव्हती म्हणून?

मी चिंचेरो या विणकरांच्या गावी गेले होते तेव्हा एका बाईशेजारी सकाळभर बसले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिथे वीस मिनिटं थांबलात आणि त्यातली दहा हसण्याखिदळण्यात गेली. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेला. ताण द्यायचा तर ती मागे रेलते, सैल करायचा तर पुढे झुकते. मागाला चौकट नाही, तिचं शरीरच चौकट. नक्षीचा कागद कुठे नाही. ताण्याचे धागे ती बोटांच्या टोकांनी मोजून उचलते, दोन वर, एक खाली, मग आडवा धागा घालते आणि लामाच्या हाडाच्या टोकदार अवजाराने खटाखट ठोकून बसवते. माझ्या समोर, सकाळ संपेपर्यंत, कापड वीतभरही पुढे सरकलं नव्हतं. त्याच्या आधी लोकर कातरणं, चातीवर सूत काढणं, दोन पदर पिळून एक करणं, साकता नावाच्या मुळाच्या फेसात धुणं, रंगवणं. लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा, कोचिनियाचा. तो चिमूटभर तळहातावर चुरडला की रक्तासारखा लाल होतो, लिंबू पिळलं की तिथल्या तिथे नारिंगी. हे तुम्हीही पाहिलंत, टाळ्या वाजवल्यात, आणि बाहेर पडताना गुलाबी फ्लोरोसंट रंगाची पिशवी घेतलीत!

अस्सल ओळखायचं कसं, हे त्या बाईला विचारलं असतंत तर तिने कापड उलटून दाखवलं असतं. हातमागावरच्या या विणीत नक्षी दोन्ही बाजूंना तीच असते, फक्त रंगांची अदलाबदल. यंत्राच्या कापडाला मागे लोंबते धागे असतात. आणि कडा बघायच्या. अँडीजमधलं कापड ठाणातून फाडत नाहीत. जेवढं हवं तेवढंच मागावर चढवतात, त्यामुळे चारही बाजूंना विणलेला काठ असतो, कातरलेला एकही नाही. शेवटची दोन-तीन बोटं जागा उरली की हाताला वाव राहत नाही, तेव्हा सुईने एकेक धागा ओवून ती भरतात, आणि नीट पाहिलं तर तेवढी पट्टी वेगळी ओळखू येते. बायकांच्या खांद्यावरची शाल असेल तर मधोमध शिवण असते, कारण दोन पट्टे विणून जोडलेले असतात. तुमच्या सगळ्या मालात मला एकही चार काठांचं कापड सापडलं नाही. अपवाद एकच, तो पस्तीस सोलचा कमरपट्टा. सगळ्या बोचक्यातली एकमेव खरी वस्तू, आणि तिचीच किंमत तुम्ही पाडलीत!

आव्हेनिदा एल सोलवर कुस्कोच्या पारंपरिक वस्त्रकलेचं केंद्र आहे. चिंचेरोच्याच निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये आजूबाजूच्या गावांतल्या विणकरांना घेऊन ते उभं केलं. आत छोटं संग्रहालय आहे, विणकर बसून विणत असतात, भाव ठरलेला असतो, घासाघीस नाही. तुमच्या एका सेल्फीत त्याच रस्त्याचा फलक स्पष्ट दिसतो. म्हणजे तिथून चालत गेलात. कुठे? तर समोर ‘सेल’ लागला होता.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. ती लाकडी पेटी, आत रंगीत बाहुल्यांचा देखावा, ती कुस्कोची नव्हे, आयाकुचोची. तिला रेताब्लो म्हणतात. अशा पेट्या घडवणारे होआकिन लोपेस आन्ताय यांना १९७५ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा चित्रकार मंडळींनी हस्तकलेला कलेचा मान कसा देता म्हणून केवढा गदारोळ केला होता. छपरावर ठेवायचे ते मातीचे बैल पुकाराचे, पुनोच्या वाटेवरचे. तुमची बस त्या गावावरूनच गेली, तुम्ही घोरत होतात. कुस्कोचं म्हणावं असं सान ब्लासमध्ये होतं: इलारिओ मेन्दीविलच्या घराण्यातल्या त्या लांब मानेच्या संतमूर्ती. त्या वस्तीत तुम्ही गेलात ते पिझ्झा खायला.

आणि तो कोकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईचा फोटो. दुरून झूम करून काढलात, ती पैसे मागत मागे आली तर ‘भिकारी कशा मागे लागतात बघ’ असं व्हिडिओत ऐकू येतं. भिकारी? ती नटूनथटून, कोकरू कडेवर घेऊन, थंडीत चौकात दिवसभर उभी राहते, तो तिचा धंदा आहे. आधी विचारायचं, एक-दोन सोल हातावर ठेवायचे, मग फोटो. फुकट माल उचलून पळणाऱ्याला काय म्हणतात, ते तुम्हाला मी पाचवीत शिकवलं आहे.

उरलेली तुकडी जूनमध्ये जाणार आहे ना? तुम्ही मागे लपू नका, पुढे या, लिहून घ्या. पहिल्या रात्री खोऱ्यात खाली. साक्सायवामान शेवटच्या दिवसांत, सकाळी, सावकाश. तिथल्या शंभर टनांहून जड दगडांपुढे घाई करायची काही गरज नाही. २४ जूनला इंती राइमी असतो, मोठा सोहळा, गर्दी उसळते, खोल्या आत्ताच ठरवा. आणि तो पाहून आल्यावर ‘इंकांच्या काळापासून अखंड’ असं लिहाल तर खबरदार. आज दिसतो तो प्रयोग १९४४ पासूनचा आहे. स्थळांसाठी एकत्रित तिकीट मिळतं, दहा दिवस चालतं, त्यात कॅथेड्रल येत नाही, तेव्हा दारात भांडू नका. जुनं भांडं म्हणून कुणी काही विकायला आलं तर हात जोडायचे. खरं असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोटं असेल तर तुम्ही मूर्ख. चिंचेरोच्या माळावर मोठा विमानतळ बांधताहेत, तो कुस्कोहूनही उंच आहे. तो सुरू झाला की लोक आणखी घाईत येतील. म्हणून आधी जाताय ते बरंच आहे.

राहता राहिला तू. कोकाच्या चहाची चार पाकिटं आणलीस आणि उद्या ऑफिसात वाटणार आहेस, असं ग्रुपवर लिहिलंयस. पेरूत तो चहा टपरीवर मिळतो. आपल्याकडे कोकाचं पान १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात नावानिशी घातलेलं आहे. तुझा धाकटा भाऊ वकील आहे ना? मग माझ्याकडे काय बघतोस? पाकीट फोडायच्या आधी त्याला फोन लाव.